तुळजापूरची 'तारा'

नांदेडच्या वा लातूरच्या महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यापुढें विक्टोरिया राणीचा काळ उभा राहतो तो धुक्याचा, कोळशाच्या धुराचा आणि दूरच्या बेटावरील लोकांचा काळ म्हणून. 1837 पासून 1901 पर्यंतचीं तीं वर्षें. टेनिसन आणि ब्राउनिंग यांची कविता, डिकन्सची कादंबरी, कार्लाइल आणि मिल्ल यांचें गद्य, एवढा पसारा त्यानें परीक्षेपुरता आवरावयाचा असतो. नाटकाचा भार त्या मानानें हलका. वाइल्ड आणि शॉ यांनीं अखेरच्या दशकांत इंग्रजी नाटकाची लाज राखली. पण वाइल्डचें गाजलेलें शेवटचें विनोदी नाटक 1895 मध्यें रंगभूमीवर आलें, तेव्हां इकडे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'स पंधरा वर्षें होत आलीं होतीं.

मुंबई-पुण्याकडे हें वाङ्मय तें लिहिलें जात असतांनाच वाचलें गेलें. आगरकरांच्या पिढीनें मिल्ल आणि स्पेन्सर वाचले ते जवळजवळ समकालीन म्हणून. मराठवाड्याची गोष्ट निराळी. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. 1918 मध्यें हैद्राबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याचें शिक्षणाचें माध्यम उर्दू आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. घरांत मराठी, वर्गांत उर्दू आणि दोहोंच्या पलीकडे इंग्रजी, असा तीन उंबरठ्यांचा प्रवास मराठी मुलास करावा लागे. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालें तें 1950 मध्यें आणि लातूरला दयानंद महाविद्यालय 1961 मध्यें. म्हणजे ज्यांची ती भाषा ते राज्यकर्ते निघून गेल्यावर आणि निजामाची सत्ताहि संपल्यावर! येथील विद्यार्थ्यास टेनिसन भेटला तो पराया खरा, पण साहेब म्हणून नव्हे. उशिराचा हा एक लाभच म्हटला पाहिजे.

परंतु हा मुलूख विक्टोरियाकालीन वाङ्मयाकडे वळण्यापूर्वीं शंभर वर्षें तें वाङ्मयच या मुलखाकडे आलेलें होतें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत राहिलेली नाहीं.

फिलिप मेडोज टेलर हा 1808 मध्यें लिव्हरपूल येथें जन्मला आणि 1824 मध्यें, ऐन पोरवयांत, मुंबईस एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठीं आला. तेथें जमलें नाहीं म्हणून तो निजामाच्या चाकरींत शिरला. 1839 मध्यें त्याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. छापखान्यांतून निघणारे तिचे फर्मे तरुण राणीनें मागवून घेतले, असें सांगतात. या पुस्तकांत अमीर अली नांवाचा ठग आपलीं कृत्यें स्वतःच्या तोंडानें एका साहेबापुढें सांगतो, आणि सांगतां सांगतां स्वतःच उघडा पडतो. ब्राउनिंगच्या कवितेंतील बोलकीं पात्रें हेंच करतात, आणि तीं याच सुमारास जन्मास येत होतीं. वर्गांत ब्राउनिंग शिकवितांना अमीर अलीची आठवण दिली, तर ती रीत समजावयास सोपी जाईल.

1853 च्या तहानें निजामानें फौजेच्या कर्जापायीं वऱ्हाडाबरोबर नळदुर्गाचा जिल्हाहि इंग्रजांच्या ताब्यांत दिला. त्याचा कारभार टेलरकडे आला. जमिनीची मोजणी आणि रस्ते हीं कामें त्यानें केलीं, इथल्या भाषा त्याला अवगत होत्या आणि तुळजापूर तर त्याच्याच हद्दींत होतें. 1860 मध्यें हा जिल्हा निजामास परत मिळाला. पुढें त्याचाच उस्मानाबाद जिल्हा झाला आणि त्यांतूनच 1982 मध्यें लातूर जिल्हा वेगळा निघाला.

त्याच 1860 मध्यें टेलर मायदेशीं परतला आणि 1863 मध्यें त्याची 'तारा' तीन खंडांत निघाली. काळ 1657 च्या सुमाराचा, अफझलखानाच्या स्वारीचा. नायिका तुळजापूरच्या एका विद्वान् शास्त्र्यांची बालविधवा मुलगी. ती भवानीच्या सेवेस वाहून घेते, तिच्यावर संकटें कोसळतात आणि अखेर सती जाण्याच्या बेतांत असतां खुद्द अफझलखानाचा मुलगा तिला सोडवून तिच्याशीं विवाह करतो. इतिहासाच्या दृष्टीनें हा शेवट निव्वळ कल्पनेचा आहे, आणि महाराष्ट्रीय वाचकास तो खटकल्यावांचून राहणार नाहीं. मात्र देऊळ, डोंगर, दऱ्या आणि शास्त्र्यांच्या घरांतील बायकांचें वागणें-बोलणें हें ज्यानें लिहिलें, त्यानें नुसत्या दौऱ्यांत पाहून लिहिलेलें नाहीं.

विधवा-विवाहाचा कायदा 1856 मध्यें झाला. त्या वेळीं टेलर नळदुर्गास होता. विधवेला वाट दाखवावी ही त्याची इच्छा प्रामाणिक होती, यांत संशय नाहीं. परंतु तिला सोडविणारा त्यानें तिच्या घरांत किंवा तिच्या समाजांत शोधला नाहीं. तो बाहेरून, घोड्यावर बसून येतो. इंग्रज अधिकाऱ्यास सुचावा असाच हा उपाय!

पुढें 1890 मध्यें हरि नारायण आपट्यांनीं 'करमणुकीं'त 'पण लक्षांत कोण घेतो' सुरू केली. आपटेहि इंग्रजी कादंबऱ्यांवर वाढलेले. त्यांची पहिली कादंबरी रेनॉल्ड्सच्या धर्तीवर उतरलेली होती. परंतु यमूच्या कथेंत त्यांनीं ना देवीचा साक्षात्कार आणला, ना कोणी घोडेस्वार. यमू आपली हकीकत आपणच सांगते, वैधव्य भोगते, तिचें केशवपन होतें आणि ती मरते. मारणारे सारे घरचेच, तिच्या रोजच्या पानाला पान लावून बसणारे.

तुळजापूरच्या यात्रेस आईबरोबर गेलेली लातूरची मुलगी जेव्हां हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचील, तेव्हां विक्टोरियाकालीन कादंबरीचें बळ कोठें आणि तिची दृष्टि कोठें अडली, हें तिला लंडनच्या टीकाकाराला विचारावें लागणार नाहीं. टेलरनें देवळाच्या पायऱ्या वर्णिल्या आहेत. त्या ती उतरलेली आहे.