ऑटोफिल (नोकरीच्या ऑनलाइन अर्जांतील)

ऑटोफिल : नोकरीच्या ऑनलाइन अर्जांत पुन्हा पुन्हा विचारली जाणारी माहिती एकदाच साठवून ठेवायची आणि पुढच्या अर्जांचे रकाने तिच्यावरून आपोआप भरून घ्यायचे, अशी संगणकीय सोय. ब्राउझरमध्ये मुळातच असलेली सुविधा, ब्राउझरला वेगळे जोडावे लागणारे एक्स्टेन्शन, पासवर्ड मॅनेजर आणि रेझ्युमे वाचून स्वतःच रकाने भरणारी कंपन्यांची भरती-प्रणाली हे तिचे मुख्य प्रकार. पुणे शहरात तिची गरज दोन वेगळ्या गटांना भासते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा भागांतील आयटी कंपन्यांत नोकरी शोधणारे इंजिनिअर हा एक, आणि सदाशिव पेठ, नवी पेठ परिसरात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे उमेदवार हा दुसरा. पहिल्या गटाचे ऑटोफिलमुळे बरेच श्रम वाचतात. दुसऱ्याला ते फार जपून वापरावे लागते.

कार्यपद्धती : अर्जातल्या प्रत्येक रकान्याला पडद्यावर दिसणाऱ्या मथळ्याखेरीज संकेतस्थळाच्या कोडमध्ये एक अंतर्गत नाव असते. ब्राउझर ही दोन्ही वाचतो आणि इथे ईमेल हवा की पिनकोड, याचा अंदाज बांधतो. हा अंदाज चुकू नये म्हणून एचटीएमएल या वेबच्या मांडणीभाषेत ‘ऑटोकम्प्लीट’ नावाच्या गुणधर्माखाली ठरावीक खुणांची यादी दिलेली आहे : स्वतःचे नाव, मधले नाव, आडनाव, दूरध्वनी, जन्मतारीख, टपाल संकेतांक वगैरे. संकेतस्थळ बनवणाऱ्याने या खुणा नीट लावल्या असतील तर एका क्लिकमध्ये बहुतेक रकाने भरतात. तसे नसेल तर आडनावाच्या जागी गावाचे नाव येऊन बसते.

मोठ्या कंपन्या उमेदवारांची नोंद ठेवण्यासाठी वर्कडे, टॅलिओ, सक्सेसफॅक्टर्स, ग्रीनहाउस अशा तयार भरती-प्रणाली वापरतात. वर्कडेवर प्रत्येक कंपनीसाठी वेगळे खाते उघडावे लागते, आणि शिक्षण-अनुभवाचे तेच तपशील दर वेळी नव्याने भरावे लागतात. त्यांतले बरेच रकाने साधे नसून निवडयाद्या असतात. ब्राउझरचे साधे ऑटोफिल तिथे अडते, म्हणून सिम्प्लिफायसारखी खास नोकरी-अर्जांसाठीची एक्स्टेन्शन निघाली.

भारतीय अर्जांतील अडचणी : ही एक्स्टेन्शन प्रामुख्याने अमेरिकेतील अर्ज डोळ्यांपुढे ठेवून घडली आहेत. व्हिसाची गरज, वंश, सैन्यातील पूर्वसेवा यांची उत्तरे ती नेमकी भरतात. भारतातल्या अर्जात विचारले जाते ते निराळेच : सध्याचा सीटीसी (एकूण वार्षिक पगार), अपेक्षित सीटीसी, नोटीस पीरियड. एका अर्जाला पगार लाखांत हवा असतो, दुसऱ्याला पूर्ण रुपयांत. साठवलेला ६.५ हा आकडा रुपयांच्या रकान्यात पडला की अर्ज हास्यास्पद ठरतो. नोटीस पीरियड कुठे दिवसांत विचारतात, कुठे महिन्यांत. ९० आणि ३ यांतला फरक साधनाला कळत नाही. अमेरिकी पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर, त्यामुळे ५ ऑगस्टचा ८ मे होऊ शकतो. फोनच्या रकान्यात +९१ दोनदा येणे तर नेहमीचेच.

यापेक्षा गंभीर चूक होते ती चाळणी लावणाऱ्या प्रश्नांत. ‘या तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा अनुभव आहे का?’ अशा प्रश्नाला साधनाने मागच्या अर्जातले ‘होय’ किंवा ‘नाही’ परस्पर भरले, तर पात्र उमेदवारही कुणाच्या नजरेस न पडता बाद होतो, आणि अपात्र उमेदवाराच्या नावावर खोटे विधान चढते. नाव-पत्ता यंत्राने भरावा. होय-नाहीचे प्रश्न मात्र प्रत्येक वेळी स्वतः वाचून सोडवावेत, हा नियम अजिबात मोडू नये.

पत्त्याच्या बाबतीत पुणेकराचा अनुभव संमिश्र असतो. सर्व्हे नंबर, सोसायटी, विंग, ‘अमुक मंदिराजवळ’ ही खूण, पेठ हे सगळे दोन ओळींत कसे मांडायचे, याविषयी कोणत्याही दोन संकेतस्थळांचे एकमत नसते. हमखास बिनचूक भरला जातो तो पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजली. सदाशिव पेठेचा ४११०३० किंवा हिंजवडीचा ४११०५७ टाकताच पुष्कळ संकेतस्थळांवर शहर आणि राज्य आपोआप येते.

महाविद्यालये आणि प्लेसमेंट : शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याला पहिल्यांदा तेच ते रकाने भरण्याच्या या प्रश्नाची ओळख होते. प्लेसमेंट सेल दर कंपनीमागे एक गूगल फॉर्म पाठवतो आणि प्रत्येकात पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), दहावी-बारावीचे टक्के, सीजीपीए, लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेले विषय) हेच विचारले जाते. ब्राउझरला यांतले जवळजवळ काहीच ठाऊक नसते, कारण पीआरएनसाठी एचटीएमएलच्या यादीत खूणच नाही. इथे कोणत्याही एक्स्टेन्शनपेक्षा साधे उपाय अधिक उपयोगी पडतात. सर्व आकडे एका फाइलीत नीट लिहून ठेवावेत. विंडोजवर विंडोज आणि व्ही या दोन कळा एकत्र दाबल्यास आधी कॉपी केलेल्या नोंदींची यादी उघडते. ही सोय २०१८ पासून आहे, फक्त ती एकदा चालू करावी लागते. मोबाइलवर जीबोर्ड या कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात ‘पीआर’ असे लघुरूप जोडले की पूर्ण क्रमांक सुचवला जातो. टीसीएससारख्या कंपन्यांची स्वतःची नोंदणी-स्थळे आहेत. तिथे एकदा नोंदणी करून मिळालेला सीटी/डीटी क्रमांक जपून ठेवायचा असतो, दुसरे खाते उघडायचे नसते.

रेझ्युमेचे यांत्रिक वाचन : अनेक प्रणाली ‘रेझ्युमे अपलोड करा, बाकीचे आम्ही भरतो’ असे सांगतात. दोन स्तंभांचा, चौकटींचा, चिन्हांनी सजवलेला रेझ्युमे त्यांना नीट वाचता येत नाही. कंपनीचे नाव हुद्द्याच्या रकान्यात जाते. साधी एकस्तंभी मांडणी सर्वांत सुरक्षित. शिक्षक, मुद्रितशोधक, पत्रकार अशा पदांसाठी मराठीत रेझ्युमे करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही फॉन्टप्रणाली मराठी मुद्रणव्यवसायात सर्वत्र पोचली, पण युनिकोडपूर्व सांकेतिकीकरणाच्या कोणत्याही फॉन्टमध्ये तयार केलेली पीडीएफ यंत्राने वाचली तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग मिळते. डोळ्यांना पान सुरेख दिसते, म्हणून चूक उमेदवाराच्या लक्षातही येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये असावा, आणि पीडीएफमधून चार ओळी कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहाव्यात. तिथे नीट मराठी उमटली तर यंत्रालाही ती वाचता येईल.

आपोआप अर्ज : रकाने भरणारे साधन आणि उमेदवाराने न पाहताच अर्ज पाठवून देणारा बॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक्डइनच्या वापरकरारानुसार असे बॉट चालवण्यास मनाई असून खाते बंद होण्याचा धोका असतो. २०२५ मध्ये लिंक्डइनवर मिनिटाला सरासरी ११,००० अर्ज येत असल्याचे आणि वर्षभरात त्यांत ४५ टक्क्यांहून अधिक वाढ झाल्याचे प्रसिद्ध झाले. एवढ्या लोंढ्यात भरती करणारा माणूस चाळणी आणखी कडक करतो, आणि मन लावून केलेला अर्जही तिच्यात अडकतो. ऑटोफिलने वाचलेली दहा मिनिटे जाहिरात नीट वाचण्यात आणि ओळखीच्या कुणाकडून रेफरल मिळवण्यात घालवली, तर त्याचा खरा फायदा होतो.

सरकारी भरती : येथे ऑटोफिलचे काम आयोगांनीच आपल्याकडे घेतले आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या प्रणालीत उमेदवार आपले प्रोफाइल एकदा तयार करतो आणि त्यावरून जाहिरातींना अर्ज करतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये एकवेळ नोंदणी आणली आणि २०२५ मध्ये नवे अर्ज-संकेतस्थळ सुरू केले. कर्मचारी निवड आयोगाची एकवेळ नोंदणी वेगळी. तिन्ही परीक्षा देणाऱ्याला तेच दहावीचे गुण तीन ठिकाणी भरावे लागतातच. ही खाती परस्परांशी जोडली जावीत, ही उमेदवारांची साधी आणि रास्त अपेक्षा आहे.

अशा अर्जांत प्रवर्ग, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची तारीख, समांतर आरक्षण, अधिवास हे रकाने म्हणजे कायदेशीर दावे असतात. मूळ कागद समोर ठेवून ते हाताने भरावेत आणि प्रोफाइलमध्ये आधी भरलेले असले तरी दर जाहिरातीच्या वेळी पुन्हा तपासावेत, कारण प्रमाणपत्राची मुदत मधल्या काळात संपलेली असू शकते. तलाठी भरती २०२३ मध्ये ४,६४४ पदांची जाहिरात निघाली, दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि शुल्क खुल्या प्रवर्गासाठी १,००० व राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये होते. या प्रमाणावरच्या भरतीत एखाद्याची चूक कोणी फोन करून दुरुस्त करून देत नाही.

पेठांतील झेरॉक्सच्या दुकानांत आणि नेट कॅफेत फॉर्म भरून देण्याची सोय अजूनही मिळते, आणि गावाकडून नव्याने आलेल्या मुलामुलींना तिचा मोठा आधार असतो. मात्र सामायिक संगणकाचा ब्राउझर आधीच्या माणसाची माहिती साठवून ठेवतो. म्हणून तिथे इन्कॉग्निटो खिडकी उघडूनच अर्ज भरावा, आणि मोबाइल क्रमांक व ईमेल दुकानाचा न देता स्वतःचाच द्यावा. ओटीपी आणि प्रवेशपत्राची सूचना त्यावरच येते.

सुरक्षितता : फिनलंडचा वेब-विकासक विल्यामी कुओस्मानेन याने जानेवारी २०१७ मध्ये दाखवून दिले की पानावर फक्त नाव आणि ईमेल हे दोन रकाने दिसत असले, तरी लपवलेल्या रकान्यांत ब्राउझर पत्ता आणि फोनही भरून देऊ शकतो. अनोळखी संकेतस्थळावर ऑटोफिल वापरू नये ते यासाठी. आधार, पॅन आणि बँकेचे तपशील साठवलेल्या माहितीत ठेवूच नयेत. नोकरीच्या पहिल्या अर्जाला त्यांची गरज नसते. एक्स्टेन्शन घेताना ते सर्व संकेतस्थळांवरची माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागते, हे ध्यानात ठेवावे आणि नोकरी लागल्यावर ते काढून टाकावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ ने एकदा दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे.

नावाचा क्रम : मराठी अर्जदाराच्या बाबतीत ऑटोफिल सर्वाधिक चुकते ते नावात. पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. आईचे नाव वेगळे छापलेले असते. ब्राउझर मात्र पहिला शब्द स्वतःचे नाव धरतो. गुणपत्रिकेप्रमाणे पूर्ण नाव एका ओळीत साठवले, तर कंपनीचे पत्र ‘डिअर देशमुख’ असे येते आणि पडताळणीच्या वेळी पॅनवरील नावाशी मेळ बसत नाही. वडिलांचे पूर्ण नाव मधल्या रकान्यात लिहिले गेले की आडनाव दोनदा येते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची गुणपत्रिका एका नावाची आणि आधार दुसऱ्या नावाचे असते. त्यांनी दोन स्वतंत्र प्रोफाइल साठवून अर्जागणिक योग्य ते निवडावे. इतरांनी तिन्ही भाग वेगवेगळ्या रकान्यांत भरून साठवावेत आणि इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवरचेच ठेवावे.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा चार भागांचा क्रम बंधनकारक केला. आईला कागदोपत्री हे स्थान मिळाले, हे फार चांगले झाले. ही मुले पुढे मोठी होतील आणि अर्ज भरू लागतील. एचटीएमएलच्या यादीत आजही मधल्या नावासाठी एकच खूण आहे.