पोटापाण्याला गेलेली माणसं

परवा जिया झांगके या चिनी दिग्दर्शकाचा २००६ चा 'स्टिल लाइफ' पाहिला. एक खाणकामगार सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बायकोला आणि मुलीला शोधत येतो. चिठ्ठीवरचा पत्ता थ्री गॉर्जेस धरणाच्या पाण्याखाली गेलेला असतो. शहापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

मराठी सिनेमानंही ही गोष्ट सांगितलीय. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'मध्ये (१९६५) लोहार जोडपं गाव सोडून शहरात येतं आणि अडचणीत सापडतं. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरचा 'लालबाग परळ' २०१० ला आला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर चाळीतलं एक घर कसं विस्कटतं, ते त्यात आहे. वरवर भावाभावांचं भांडण दिसतं, पण आधी हातचं काम गेलेलं असतं.

आपल्या तालुक्यावर असा सिनेमा माझ्या पाहण्यात नाही. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, पुढे वैतरणा, भातसाचंही गेलं. उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात, म्हातारी माणसं मागे राहतात. आसनगावहून पहाटेची लोकल धरणारा बाप पोरांना झोपलेलीच बघतो. आपण म्हणतो, 'पोटापाण्याला गेलाय.' पाणी तर आधीच गेलंय!

म्हणून घर तुटलं की लगेच सुनेला नाहीतर पोराला बोल लावू नका. तुमच्या घरातलं कोण असं लांब गेलं? खाली लिहा.