सरकीपासून अस्तरापर्यंत
चामडी जाकीट दुरुस्तीला येतं, तेव्हा बहुधा चामडं शाबूत असतं, अस्तर विरलेलं असतं. मी एकदा स्वस्त पाहून अस्तर निवडलं. महिन्याभरात गिऱ्हाईक परत आलं आणि गटाची मजुरी बुडाली.

अस्तराचं आपल्या कापसाशी जुनं नातं आहे. १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली आणि खामगावच्या गाठी थेट रेल्वेने मुंबईकडे निघाल्या. रुई गेली, सरकी तेलाला आणि ढोरांना. पुढे सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासून जर्मनीच्या बेंबर्ग कंपनीने रेशमासारखा धागा काढला. १९३१ पासून जपानमध्येही तो बनू लागला. त्याचंच 'क्युप्रो' अस्तर घाम शोषतं आणि बाहीत हातही अलगद सरकतो.

ते महाग पडतं. पॉलिएस्टर टिकतं, पण घाम शोषत नाही. मांजरपाट घाम शोषतो, पण बाहीत अडकतो. म्हणून अंगाला सुती, बाह्यांना गुळगुळीत अस्तर लावा. सुती कापड आधी भिजवून वाळवा. पाठीत एक चुणी सोडा, म्हणजे शिवण उसवणार नाही.

अस्तर दिसत नाही; पण गिऱ्हाईक पुन्हा येतं ते त्याच्यामुळेच.