व्यसनमुक्ती केंद्रांतील सुरक्षिततेच्या निकषांची वाटचाल

1980च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात ब्राउन शुगरचे, म्हणजेच गर्दचे व्यसन झपाट्याने पसरले. तोवर व्यसनी माणसाला दाखल करून घेणारी स्वतंत्र केंद्रे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. 1980 मध्ये शांती रंगनाथन यांनी चेन्नईत टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन सुरू केले. मुंबईत 1981 मध्ये फादर ज्यो परेरा यांची कृपा फाउंडेशन उभी राहिली. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. येथे दाखल होणाऱ्याला रुग्णमित्र म्हटले जाते. व्यसनातून बाहेर पडलेले लोक येथे कार्यकर्ते झाले आणि समुपदेशनात रुग्णाच्या कुटुंबालाही स्थान मिळाले.

याच सुमारास सरकारी चौकट तयार होऊ लागली. अमली पदार्थविरोधी कायदा 14 नोव्हेंबर 1985 रोजी लागू झाला. त्याचा भर शिक्षेवर होता, तरी कलम 71 मुळे सरकारला उपचार केंद्रे काढण्याचा अधिकार मिळाला. पुढे केंद्र सरकार स्वयंसेवी संस्थांना अनुदान देऊ लागले आणि अनुदानाबरोबर खाटा, डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक यांविषयीच्या अटी आल्या. मात्र त्या अनुदान घेणाऱ्यांपुरत्याच होत्या. खासगी केंद्रे बरीचशी या चौकटीबाहेर राहिली.

या अटींमागे वैद्यकीय कारण आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर भ्रम, थरथर आणि ताप यांची अवस्था उद्भवू शकते. तिच्यावर वेळीच उपचार झाले नाहीत, तर ती प्राणघातक ठरू शकते. गर्द सोडलेल्या रुग्णाला वेगळा धोका असतो. काही आठवड्यांत शरीराची सहनशक्ती घटते. त्यामुळे केंद्रातून बाहेर पडल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच दाखल करताना तपासणी, औषधोपचार, रात्रपाळीला जाणकार माणूस आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा या सुरक्षिततेच्या किमान गरजा आहेत.

दुसरा धोका सक्तीचा. घरच्यांची हतबलता हेरून रुग्णाला घरातून उचलून नेणे, कुलपात ठेवणे आणि मारहाण करणे, असे प्रकार देशाच्या अनेक भागांत उघडकीस आले. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि 28 जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. ते व्यसनमुक्ती केंद्र नव्हते, पण माणसांना कोंडून ठेवणाऱ्या निवासी संस्थांवर देखरेख का हवी, हे देशाला तेथे कळले.

2011 मध्ये पंजाबने व्यसनोपचार केंद्रांसाठी स्वतंत्र नियम केले. सर्वांत मोठा बदल मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मुळे झाला. हा कायदा 29 मे 2018 पासून अमलात आला. दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक झाली. साखळीने बांधण्यावर आणि एकांतात कोंडण्यावर बंदी आली. रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करताना दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करणे आवश्यक झाले आणि या मार्गाने पहिल्यांदा जास्तीत जास्त 30 दिवसच ठेवता येते. विनानोंदणी संस्था चालवल्यास पहिल्या वेळी 5 हजार ते 50 हजार रुपये दंड होऊ शकतो.

जगातही हाच प्रवाह होता. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी व्यसनी लोकांना सक्तीने डांबून ठेवणारी केंद्रे बंद करण्याचे आवाहन केले. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने व्यसनोपचाराचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले. त्यांत उपचार ऐच्छिक, पुराव्यावर आधारलेले आणि मानवी हक्कांना धरून असावेत, असे म्हटले आहे.

नियम कागदावर पुरेसे झाले आहेत. उणीव तपासणीची आणि अंमलबजावणीची आहे. ती भरून निघेपर्यंत रुग्णाला दाखल करण्यापूर्वी घरच्यांनी नोंदणीचा दाखला पाहावा, डॉक्टर कधी असतात ते विचारावे आणि रुग्णाला भेटू न देणाऱ्या केंद्राकडे पाठ फिरवावी.