अळवावरचे पाणी आणि टेफ्लॉन

अळवावरचे पाणी मराठीच्या तासाला भेटते. ते विज्ञानाच्या तासालाही यायला हवे. पृष्ठभागाचे रेणू द्रवाला जितके कमी ओढतात, तितकी त्याची पृष्ठऊर्जा कमी. मग द्रवाच्या रेणूंची आपसातली ओढ वरचढ ठरते आणि थेंब गोल राहतो.

असा पृष्ठभाग देणारे एक पॉलिमर माणसाला अपघाताने मिळाले. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतील रॉय प्लंकेट यांच्या सिलिंडरमधून वायू बाहेर येईना, पण वजन तर भरत होते. सिलिंडर कापल्यावर आत मेणचट पांढरी भुकटी निघाली. तेच टेफ्लॉन.

१९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन यांनी पृष्ठभागांची क्रमवारी लावली. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. त्याच मापात पॉलिथिन सुमारे ३१, मेण २३ च्या आसपास, टेफ्लॉन १८. आणि एका कार्बनवर तीन फ्लोरीन असलेले गट दाटीने बसवले, तर अवघे ६! साहजिकच आम्हा रसायनशास्त्रज्ञांची नजर फ्लोरीनवर खिळली.

पण जो कार्बन-फ्लोरीन बंध लेपाला टिकाऊ करतो, तो निसर्गालाही सहसा तुटत नाही. टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन पाण्यात आणि माणसांच्या रक्तातही सापडले. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला.

मग हॅलोजनविरहित लेप शक्य आहे का? सिलिकोनची पृष्ठऊर्जा २० ते २२, म्हणजे टेफ्लॉनच्या अगदी जवळ. शिवाय १९९७ मध्ये जर्मनीत बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी कमळाच्या पानाचे रहस्य मांडले: सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर साधे मेण. अळूची युक्तीही अशीच. उंचवट्यांमध्ये हवा अडकते आणि थेंब तिच्यावर तरंगतो.

आता वर्गात अळूच्या पानावर पाण्याऐवजी खाद्यतेलाचा थेंब टाकून पाहा. तो पसरेल. तेलाचा पृष्ठताण जेमतेम ३०च्या घरात. ते उंचवट्यांत शिरते. तेलाला दूर ठेवण्याच्या कामी फ्लोरीनला अजून सहज तोड मिळालेली नाही.

म्हणूनच लेप निवडण्यापूर्वी गरज तपासायला हवी. रेनकोटला फक्त पाऊस अडवायचा असतो. जिथे २२ पुरतात तिथे आपण ६ चा हट्ट धरला, आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांच्या नावे लिहिली.