कमरेवरचें ओझें

डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टींत रानाकडे निघालेला वारली माणूस पाहावा. त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. कोयता पाठीमागें, कमरेशीं असतो. कमरेभोंवतीं दोरी, दोरींत खांच पाडलेला एक लांकडाचा तुकडा, आणि त्या खांचेंत अडकविलेला कोयता, एवढाच सारा सरंजाम. कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं या लांकडास आकडी म्हणतात. पातें उघडें राहतें, म्हणून पावसाचें पाणी त्यावर सांचत नाहीं. आणि मागें न पाहतां उजव्या हातानें तें एका क्षणांत काढतां येतें. ताडावर वा शिंदीवर चढणारा ताडी काढणाराहि असाच सजतो. झाडाला धरण्यास त्याला दोन हात लागतात, तेव्हां सुरी आणि रस जमविण्याचें भांडें हीं कमरेसच हवीत. आजकाल शहरांतील तरुण डोंगर चढण्यासाठीं लष्करी पद्धतीची कमरपिशवी मोठी किंमत देऊन घेतात. तिचें मूळ तत्त्व या दोरींत आणि लांकडांत पूर्वींच आलेलें आहे.

लष्कराला हें तत्त्व नवें नव्हतें. इ.स. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजा या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हां त्या काळच्या बंदूकवाल्याची सर्व दौलत त्याच्या कमरेस असे. दारूचा शिंगडा, गोळ्यांची थैली, चकमक, पेटती ठेवावयाची जामगी, आणि कमरबंदांत खोंवलेली कट्यार. कमरबंद म्हणजे केवळ शोभेचें वस्त्र नव्हे. लांब कापडाचे अनेक वेढे घट्ट बसले म्हणजे पाठीस आधार मिळतो, वजन माकडहाडाच्या बाजूंच्या रुंद हाडांवर येतें, आणि घड्यांत पैसा, कागद, सुपारी असें कांहींहि ठेवतां येतें. ज्याला पैसा अधिक जपावयाचा असे तो कापडाची लांबट कसणी आंतून बांधी. तारापूरच्या तटावर शिड्या लावून चढणाऱ्या माणसाला हात कोठें मोकळा होता? शिडी धरावयाची, ढाल सांवरावयाची, आणि तटावर पोहोंचतांच हत्यार चालवावयाचें. तारापूर पडलें, पण बाजी भीवराव रेठरेकर तेथें कामास आले. डहाणूहि त्याच सुमारास मराठ्यांच्या हातीं आलें आणि मे महिन्यांत वसई सर झाली.

इंग्रजी कवायती पलटणींत कमरेची ही जुनी शहाणीव कांहीं काळ मागें पडली. शिपायाच्या छातीवर फुलीसारखे दोन पांढरे पट्टे आले. एकास काडतुसांची पेटी, दुसऱ्यास संगीन. परेडीच्या मैदानावर हें मोठें देखणें दिसे. परंतु धांवतांना पेटी मांडीवर आपटे आणि छाती आंवळली जाऊन श्वास कोंडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संगीन पुन्हां कमरपट्ट्याकडे गेली. यानंतर अडचण राहिली ती कातड्याची. चामडें कमावतांना वापरलेल्या द्रव्यांमुळें पितळी काडतुसांवर हिरवा गंज चढे आणि तें काडतूस ऐन वेळीं बंदुकींत अडके. पट्टा भिजला तर ताणे, वाळला तर कडक होई. अमेरिकन सैन्यांतील ॲन्सन मिल्स या अधिकाऱ्यानें विणलेल्या सुती पट्ट्याचा मार्ग काढला, आणि १९०८ सालीं ब्रिटिश पायदळानें सुती पट्ट्यांचा संपूर्ण साज स्वीकारला. त्यांत कमरपट्ट्यावर डाव्या-उजव्या बाजूस पांच पांच खिसे असून एकूण १५० काडतुसें मावत. मोठी पाठपिशवी लढाईपूर्वीं काढून ठेवावयाची आणि कमरेवर दारूगोळा, पाण्याची बाटली व एक झोळी एवढेंच घेऊन पुढें जावयाचें, ही रीत त्यानें पक्की केली. आजची कमरपिशवी या रीतीचीच नात होय.

१९३७ सालीं साज पुन्हां बदलला आणि पुढच्या बाजूस दोन मोठे खिसे आले. दुसऱ्या महायुद्धांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान हाच साज बांधून इटलींत लढले. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत माणगांवकडील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. तुकडींतील इतर सर्व पडले. घाडगे एकटे पुढें धांवले. त्यांनीं बाँब टाकून मशीनगन बंद पाडली आणि टॉमीगननें एकास टिपलें. पुढील मॅगझिन चढविण्यास वेळ नव्हता. त्यांनीं बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानें मारलें, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं त्यांना वीरमरण आलें. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खिसा कोठें असावा, त्याचें झाकण किती लवकर उघडावें, हा प्रश्न कारखान्यांत बसून सोडविणाराला क्षुल्लक वाटतो. तो सोडवितांना अशा क्षणांचा हिशेब धरावा लागतो. आणि कित्येकदां तो हिशेबहि अपुरा पडतो.

घरगुती ग्राहकास इतकें भय बाळगण्याचें कारण नाहीं. तरी गंभीरगडावर किंवा महालक्ष्मीच्या डोंगरावर जाणाऱ्यानें दुकानांतील खिशांची संख्या पाहून भुलूं नये. प्रथम काय न्यावयाचें तें जमिनीवर मांडावें आणि त्याच्या मापाची पिशवी घ्यावी. रिकामी जागा राहिली कीं माणूस ती निरर्थक वस्तूंनीं भरतो. पट्टा रुंद हवा, कारण अरुंद पट्टा पोटांत रुततो. जड वस्तु, विशेषतः पाणी, पाठीच्या कण्याशीं चिकटून मागें असावी. वारंवार लागणारी वस्तु हाताला न शोधतां सांपडेल अशी पुढें असावी. पट्टा नितंबाच्या हाडांवर बसला पाहिजे. तो पोटावर चढला तर श्वास अडतो आणि खालीं घसरला तर प्रत्येक पावलास ओझें आपटतें. भरलेली पिशवी बांधून दुकानांतच दहा उड्या माराव्या. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा! आणि कोंकणच्या पावसांत जाणार असाल, तर आंत शिरलेलें पाणी बाहेर जाण्यास तळाशीं छिद्र आहे का, हें अवश्य पाहावें. वारल्याच्या आकडीस हा प्रश्नच पडत नाहीं.

त्या आकडीची आणखी एक हकीकत आहे. डहाणू आणि त्या वेळचा उंबरगांव तालुका येथील वारली वेठबिगारींत पिचत होते. सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावयाचें, लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं नवराबायकोनें आयुष्यभर गडी म्हणून राहावयाचें. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें २३ मे १९४५ रोजीं झरी येथें परिषद भरली आणि वेठ न करण्याचा निश्चय झाला. झरी आज तलासरी तालुक्यांत आहे. पावसाळा सरतांच गवतकापणीचा प्रश्न आला. पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी, ही किसान सभेची मागणी होती. विळा कमरेस अडकवून वारली घरीं बसला. गवत माळावर वाळूं लागलें. जमीनदाराच्या तक्रारींत मात्र तीच कमरेची वस्तु आतां हत्यार ठरली. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले.

पुढें गवताची मजुरी वाढली. वारली पुन्हां माळावर गेला, आणि कमरेचा विळा काढून त्यानें गवतास घातला.