जुन्या कॅरव्हॅनमधला फ्रिज विदर्भाच्या उन्हात का थकतो? बदलताना काय तपासायचं?

नागपूरहून निघालं की साधारण 40 किलोमीटरवर सावनेर लागतं. इथून एक रस्ता बैतूल-भोपाळकडे जातो, तर दुसरा सौंसर आणि सिल्लेवानी घाटातून छिंदवाड्याकडे, पुढे पचमढीपर्यंत. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि घर सोबत घेऊन फिरण्याची चर्चा वाढली. पण मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा जुन्या गाडीतली सगळ्यात आधी हात टेकणारी वस्तू म्हणजे फ्रिज.

प्रश्न फक्त थंड पाण्याचा नाही. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं. घरातलं कुणी मधुमेही सोबत असेल, तर फ्रिज बंद पडणं ही थेट आरोग्याची अडचण ठरते.

जुना फ्रिज कसा चालतो?

अनेक जुन्या कॅरव्हॅनमध्ये 'अ‍ॅब्सॉर्प्शन' प्रकारचा फ्रिज असतो. 1922 मध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी हे तंत्र शोधलं. यात कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीनं किंवा विजेच्या हीटरनं अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापवलं जातं. अमोनियाची वाफ वर जाते, मागच्या नळ्यांमध्ये बाहेरच्या हवेनं थंड होऊन द्रव बनते. हा द्रव हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो.

म्हणजे सगळा खेळ बाहेरच्या हवेवर. हवाच तापलेली असेल तर नळ्या थंड होणार कशा? फ्रिजच्या लेबलवर 'एसएन', 'एन', 'एसटी' किंवा 'टी' असा हवामान वर्ग लिहिलेला असतो. एसएन आणि एन 32 अंशांपर्यंत, एसटी 38 पर्यंत आणि टी 43 पर्यंत. सावनेरच्या मे महिन्यात टी वर्गालाही घाम फुटतो.

दुसरी अट म्हणजे गाडी समतल हवी. यातला द्रव गुरुत्वाकर्षणानं खाली येतो. चालत्या गाडीत फारसं बिघडत नाही, पण उतारावर तिरकी उभी करून फ्रिज तासन्‌तास चालू ठेवला तर नळ्या कायमच्या खराब होऊ शकतात.

बदलायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

• मागच्या बाजूला पिवळे डाग किंवा अमोनियाचा उग्र वास येत असेल, तर गळती आहे. फ्रिज लगेच बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात.
• गॅसची ज्योत निळीऐवजी पिवळी असेल, तर काजळी आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. या वायूला वास नसतो, त्यामुळे गाडीत त्याचा अलार्म असलाच पाहिजे.
• मागच्या जाळ्या साफ आहेत, गाडी समतल आहे, तरीही रात्रीच्या गारव्यात फ्रिज थंड होत नसेल, तर त्याचं आयुष्य संपलं असं समजावं.

नवा कोणता घ्यायचा?

विदर्भाच्या उन्हासाठी 12 व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज जास्त भरवशाचा. तो गॅसवर चालत नाही आणि थोड्या उतारावरही काम करतो. घरगुती छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर लावता येतो. मात्र सुरू होताना तो काही पट जास्त करंट ओढतो, इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो आणि हा फ्रिज रस्त्याचे हादरे सोसण्यासाठी बनवलेला नसतो.

विजेचं गणित

समजा, फ्रिज चालताना 50 वॅट घेतो आणि उन्हाळ्यात दिवसाचा निम्मा वेळ चालतो. म्हणजे 24 तासांत 600 वॅट-तास, 12 व्होल्टवर साधारण 50 अँपिअर-तास. 100 अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतली निम्मी वीजच वापरणं योग्य. म्हणजे ती एक दिवस पुरेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून 80 टक्क्यांपर्यंत वीज काढता येते.

छतावर 200 वॅटचं सोलर पॅनल आणि चार तासांचं कडक ऊन धरलं, तर कागदावर 800 वॅट-तास मिळतात. तापलेलं पॅनल कमी वीज देतं, वायरमध्येही थोडी जाते. तरी रोजचा खर्च जेमतेम निघतो. दिवे-पंखे धरायचे तर पॅनल मोठं हवं.

बसवताना लोक इथे चुकतात

• माप: फक्त फ्रिजचा कप्पा नाही, गाडीचं दारही मोजावं. काही गाड्यांमध्ये जुना फ्रिज बॉडी पूर्ण होण्याआधीच बसवलेला असतो आणि दारातून निघतच नाही.
• गॅस: जुनी गॅसलाइन मुरगळून सोडू नये. जाणकाराकडून झडपेपाशी बंद करून गळती तपासून घ्यावी.
• वायर: बॅटरीपासून फ्रिजपर्यंत 5 मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर वायर. 5 अँपिअरवर 1.5 चौरस मिमी वायरीत साधारण 0.6 व्होल्ट गळतात, 4 चौरस मिमीत जेमतेम 0.2. व्होल्टेज पडलं की बॅटरी भरलेली असूनही फ्रिज बंद होतो. फ्यूज बॅटरीजवळच लावावा.
• हवा: कॉम्प्रेसरलाही उष्णता बाहेर टाकावी लागते. जुन्या जाळ्या सरसकट बुजवू नयेत. धूळ आणि पावसाचं पाणी आत येणार नाही, एवढं पाहावं.

आरटीओची परवानगी लागते का?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. जुन्या जागी नवा फ्रिज बसवल्यानं सहसा हा तपशील बदलत नाही. पण त्यासाठी बॉडी कापायची किंवा आसनं काढायची असतील, तर आधी आरटीओत विचारावं.

नवा फ्रिज बसवला की लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये. आत थर्मामीटर ठेवून गाडी एक पूर्ण दिवस उन्हात उभी करावी. दुपारी तीनलाही काटा 8 अंशांच्या खाली आणि 2 च्या वर राहिला, तर इन्सुलिन आत ठेवायला हरकत नाही. मात्र ते बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नये. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.